जागेपुरती भूल

२००९ ला थोरल्याच्या वेळी माझं सीझर झालं तेव्हा भूल कुठली पाहिजे असं कुणी विचारलं नव्हतं, विचारतात हेही माहीत नव्हतं. पाठ वाकवा, हनुवटी छातीला लावा म्हणाले, लावली, मणक्यात काहीतरी टोचलं आणि थोड्या वेळानं पाय दुसऱ्या कुणाचेतरी असल्यासारखे जड झाले. त्यानंतर पंधरा वर्षं माझी कंबर दुखली की सासूबाई, आई, शेजारच्या काकू सगळ्यांचं निदान एकच, ते मणक्यातलं इंजेक्शन. पतसंस्थेत कॅश काउंटरला दिवसाला आठ तास बसते मी, वजन ७८ किलो, चालणं शून्य, पण आरोपी म्हणून इंजेक्शनच उभं. मीही तेच सांगत फिरत होते, खोटं कशाला बोलू.

तर हे डोक्यात असताना गेल्या वर्षी पाळीच्या मधेच डाग दिसायला लागले. दोन महिने वय झालं, चाळिशी पार केली, असं होतंच म्हणून काढले. मग गणपतीनंतर एकदाची दाखवायला गेले, पॅप टेस्ट केली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात, आणि रिपोर्टवर एचएसआयएल अशी चार अक्षरं, म्हणजे पेशींत जास्तीचा बिघाड. पुढं कॉल्पोस्कोपी. म्हणजे खुर्चीवर पाय अडकवून झोपायचं, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरच्या जातीचं पाणी लावतात आणि भिंगातून बघतात, जिथं बिघाड असतो तिथला भाग पांढरा पडतो. माझा पडला. तिथनं दोन बारीक तुकडे तपासायला काढले, त्याला भूल वगैरे काही नाही, डॉक्टर म्हणाल्या जोरात खोका, मी खोकले आणि त्याच वेळी चिमटा बसला. कळ आली पण खोकण्याच्या नादात निम्मी कळलीच नाही. रिपोर्ट आला सीआयएन ३. हे शब्द ऐकून माझे हातपाय गार पडले होते, पण अर्थ असा की कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, सगळ्यांचा पुढं जातोच असं नाही पण ठेवून घेण्यात शहाणपण नाही, तेवढा भाग काढून टाकायचा. त्याला लीप म्हणतात. बारीक तारेचं वर्तुळ असतं, त्यातनं करंट सोडतात आणि तोंडाचा बिघडलेला भाग वाटीसारखा कापून काढतात.

आमच्या ह्यांचं इथं कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉप आहे. घरी आल्यावर त्यांना हे सांगितलं तर दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे वायरकटच की. मला हसू पण आलं आणि रडू पण. करंटच्या तारेनं लोखंडाचा जॉब कापतात तसं माझ्या पिशवीला करणार. पण खरं सांगू का, त्या एका शब्दानं माझी अर्धी भीती उतरली, कारण वायरकट मी बघितलंय, किती नाजूक आणि मापात काम होतं ते माहितीय.

आता भुलेचं. जिथं तपासणी केली होती त्या हॉस्पिटलात आतल्या केबिनमध्ये काउन्सेलर म्हणून एक मुलगी बसलेली, तिनं कागद पुढं केला. पूर्ण भूल, एक रात्र ॲडमिट, स्पेशल रूम, सगळं मिळून ३८ हजार, मेडिक्लेम आहे ना मॅडम मग तुम्हाला काय टेन्शन. मी विचारलं पूर्ण भूलच का. तर म्हणाली सगळ्यांना तेच देतो, आणि रात्रभर राहिल्याशिवाय क्लेम बसत नाही. डॉक्टर भेटल्या नाहीत, राउंडला होत्या.

मी कॅशियर आहे हो, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. घरी येऊन पॉलिसीचं बाड काढलं. एरवी कोण वाचतं ते. त्यात डे केअरची व्याख्या आहे, चोवीस तासांच्या आत होणारे उपचार, आणि स्पष्ट लिहिलंय की जनरल किंवा लोकल ॲनेस्थेशिया. म्हणजे जागेपुरती भूल दिली तरी चालतं, फक्त हॉस्पिटलात किंवा डे केअर सेंटरात रीतसर दाखल होऊन झालं पाहिजे, ओपीडीत करून घरी आलात तर मिळत नाही. तुमच्या पॉलिसीतही बघून घ्या. मला राग ह्याचा आला की माझ्या अंगावर कुठली भूल चढवायची हे क्लेमच्या हिशोबानं ठरत होतं, आणि तो हिशोबही धड नव्हता.

मग टाकाळ्याकडच्या एका दुसऱ्या डॉक्टर बाईंकडं गेले, माझ्या कलीगच्या बहिणीनं सांगितलं होतं. त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले, परत एकदा स्वतः तपासलं आणि मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. म्हणाल्या तीन रस्ते आहेत. एक, पिशवीच्या तोंडालाच इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करायचा, लीप बहुतेक वेळा अशीच होते. दोन, कमरेतनं, सीझरला दिली होती तशी मणक्यात. तीन, शिरेतनं औषध देऊन झोपवायचं. तुमचा भाग मला पूर्ण दिसतोय, फार मोठा नाही, आत खोलवर गेलेला नाही, आणि तपासताना तुम्ही स्थिर पडून राहिलात, म्हणून माझ्या मते पहिल्यावर होईल. भाग मोठा असता, नळीत वर चढलेला असता किंवा तपासणीचं यंत्र आत घालायलाच तुम्हाला सहन झालं नसतं तर मीच झोपवून करू म्हणाले असते. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, त्यांच्याशी बोला, आणि मग ठरवा.

आयुष्यात पहिल्यांदा मी भूलतज्ज्ञ माणूस शुद्धीत असताना बघितला. मास्क नसलेला. पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी काय काय विचारलं, दात हलतो का, तोंड किती उघडतं, मान मागं जाते का, आधीच्या भुलेला काही त्रास झाला का, दमा, बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करायची गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी. मग म्हणाले घोरता का. मी नाही म्हणाले. शेजारी बसलेले हे एवढा वेळ खाली बघत होते ते एकदम मान वर करून म्हणाले, घोरते का म्हणजे काय साहेब, वरच्या माळ्यावरची माणसं उठतात. डॉक्टर हसले नाहीत, लिहून घेतलं. घोरणाऱ्या आणि वजनदार माणसाला झोपवलं की जीभ मागं पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून जास्त लक्ष ठेवावं लागतं असं म्हणाले. करता येत नाही असं नाही, रोज करतो आम्ही, पण ते मोजायला हवं. मी मात्र घरी जाताना गाडीवर ह्यांच्याशी बोलले नाही.

मणक्याच्या इंजेक्शनची माझी जुनी तक्रार त्यांच्यापुढं मांडलीच मी. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले टोचल्याच्या जागी चार दिवस दुखतं, ते खरं. पण वर्षानुवर्षं कंबर दुखते ती त्या सुईनं असा पुरावा नाही, गरोदरपणात पाठीवर आलेला भार, नंतर बाळाला वाकून उचलणं, पोटाचे सैल पडलेले स्नायू, बसून काम, ह्याकडं बघा. त्या भुलेचा खरा त्रास म्हणजे डोकेदुखी, मणक्यातलं पाणी सुईच्या भोकातनं झिरपलं की बसलं-उठलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. १८९८ साली ज्या जर्मन सर्जननं, ऑगस्ट बिअर त्याचं नाव, ही भूल सुरू केली त्यानं आपल्या असिस्टंटबरोबर ती एकमेकांवर करून बघायचा घाट घातला होता आणि दोघांचीही डोकी धरली होती म्हणे. आता सुया फार बारीक आल्यात त्यामुळं ते प्रमाण खूप कमी झालंय. पण पंधरा मिनिटांच्या कामासाठी तुमचे पाय दोन-चार तास बधिर ठेवायचे, बीपी खाली येतो त्यावर लक्ष ठेवायचं, लघवी तुंबली तर नळी घालायची, हे मला स्वतःला तुमच्या बाबतीत जरा जास्तच वाटतं, असं ते म्हणाले. पंधरा वर्षांचा खटला पाच मिनिटांत निकाली. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, त्यास्नी काय ठावं, त्यांची झालीया काय डिलिव्हरी?

तिसऱ्या रस्त्याबद्दल म्हणाले शिरेतनं पांढरं औषध देतात, दुधासारखं दिसतं, प्रोपोफॉल नाव, जाताना हातात जरा चुरचुरतं आणि अर्ध्या मिनिटात माणूस गाढ. काम झालं की दहा-पंधरा मिनिटांत जाग. त्यासाठी सहा तास पोटात अन्न नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, सोबत माणूस पाहिजे, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या घरात माझं लग्न झालंय, त्यामुळं दुधासारखं भुलेचं औषध हे ऐकून घरी दोन दिवस विनोद चालले होते.

सल्ले तर विचारू नका. आई म्हणाली झोपवूनच घे, कशाला डोळ्यानं बघायचं. जाऊबाई म्हणाली मला तर तिथं नुसता हात लावला तरी जीव जातो, तू शुद्धीत कशी राहणार. पतसंस्थेतली एक म्हणाली अगं त्या भागाला संवेदनाच नसतात. हे अर्धं खरं आहे असं मला नंतर कळलं. पिशवीच्या तोंडाला बोटाच्या कातडीसारखं कापल्याचं तेवढं झोंबत नाही, पण ताणलं, दाबलं, गरम लागलं की ओटीपोटात पाळीसारखी कळ येते ती येतेच. काहीच होत नाही असं सांगणाऱ्यांनी कॉपर टी बसवताना माझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं.

आणि माझं घोडं तिथंच अडलं होतं. थोरल्यानंतर कॉपर टी बसवली तेव्हा काय करताय, आता कळ येणार, एवढं सुद्धा कुणी बोललं नव्हतं, एकदम आतनं पिळून काढल्यासारखं झालं आणि मी ओरडले तर बसवणाऱ्याच वरनं रागावल्या की बाळंत झालीस तेव्हा ओरडली नाहीस का. म्हणजे मला दुखण्याची भीती होतीच पण त्याहून जास्त भीती होती ती न सांगता दुखण्याची. झोपवलं तर दुखणार नाही हे खरं, पण मग मला कळणार पण नाही काय चाललंय, आणि का कोण जाणे, ते मला जास्त नको होतं. हे कुणाला पटेल कुणाला नाही. मी बाईंना म्हणाले जागेपुरती द्या, पण प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगा आणि मी थांबा म्हणाले की थांबा. त्या म्हणाल्या कबूल. वर हेही ठरलं की भुलेचे डॉक्टर थिएटरमध्ये हजर राहणार, म्हणजे मला झेपलं नाही तर तिथंच झोपवता येईल, आणि म्हणून यायचं मात्र उपाशीच. हा मधला रस्ता असतो हे आधीच्या कागदावर कुठंच नव्हतं.

पाळी संपून चार दिवस झाले की तारीख धरायची असते, ती नेमकी नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात त्या दिवसांत आली. सासूबाईंना तो शुभशकुन वाटला, मला वाटलं आता महाद्वार रोडच्या गर्दीतनं जायला नको म्हणजे झालं. सकाळी सातला पोचलो. तासभर आधी घोटभर पाण्याबरोबर दुखण्याची गोळी दिली, हाताला सलाईनची सुई, बोटाला ते लाल दिव्याचं क्लिप, आणि मांडीला एक गार चिकट पट्टी. ही कशाला विचारलं तर करंट परत जायला वाट पाहिजे ना. अर्थिंग! ह्यांना बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं.

पाय वर अडकवले, यंत्र आत घातलं, पुन्हा ते व्हिनेगर, मग आयोडीन. बाई एकेक बोलत होत्या. आता स्प्रे, गार लागेल. आता सुई, खोका. खोकले. टोचल्याचं कळलं, मुंगी चावल्यासारखं म्हणतात तसं काही नाही, त्यापेक्षा जास्त, पण दातांच्या डॉक्टरकडं हिरडीत देतात त्याच्यापेक्षा कमी. अशा चार जागा, घड्याळाच्या काट्यासारख्या गोल. तिसरीपासून सुई कळली नाही, नुसतं दाबल्यासारखं. कानात आवाज आला, ओठ बधिर झाले, तोंडात लोखंडाची चव आली तर लगेच सांगा म्हणाल्या. तसं काही झालं नाही.

झालं ते वेगळंच. चौथ्या सुईनंतर एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, अशी की जिना पळत चढल्यासारखी, आणि दोन्ही मांड्या थडथड उडायला लागल्या, मी थांबवायला जाते आणि त्या थांबतच नाहीत. डोक्यामागच्या मॉनिटरचा टिकटिक आवाज पळायला लागला तो ऐकून मी आणखी घाबरले. मला वाटलं संपलं, माझ्यासाठीच ते राखून ठेवलेलं असणार. मी थांबा म्हणाले. थांबल्या. भुलेचे डॉक्टर डोक्याजवळ आले, म्हणाले काही नाही, त्या औषधात ॲड्रिनलिन असतं, रक्त कमी जावं आणि बधिरपणा जास्त टिकावा म्हणून, त्यानं असं होतं, दोन-तीन मिनिटात उतरेल, नाकानं श्वास घ्या. सिस्टरच्या शेजारी एक मावशी होत्या, त्यांनी माझा पंजा घट्ट धरला. आगं मी हितंच हाय की, कुठं जातोय मी, घाबरू नगंस. आमच्या कोल्हापूरच्या बायका जातोय, आलोय असंच बोलतात, आणि त्या घटकेला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. खरंच तीन मिनिटांत मांड्या शांत.

हे एकच बाईंनी आधी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं आणि हे राहिलं. नंतर मी त्यांना तसं म्हणाले पण, त्या म्हणाल्या माझं चुकलंच. म्हणून इथं ठळकपणे लिहितेय, लोकल घेणार असाल तर विचारा की इंजेक्शनात ॲड्रिनलिन आहे का, असेल तर धडधडेल आणि पाय थरथरतील, आणि ते जाईल. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर हे आधीच बोलून ठेवा.

कापणं? ते सांगण्यासारखं फारसं नाहीच. टोचून बघितलं, कळतं का, नाही. मग धूर ओढायच्या पंपाचा व्हॅक्युम क्लीनरसारखा आवाज, एक बारीक सूं, केस जळल्याचा वास, आणि बाई म्हणाल्या, निघाला. मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. मग आतला जरा भाग छोट्या तारेनं घेतला तेव्हा ओटीपोटात एक कळ आली, पाळीच्या दुसऱ्या दिवशी येते तशी, मी हं केलं, त्यांनी थांबून आणखी थोडं औषध सोडलं. रक्त थांबवायला गोल टोकानं डागलं, वर तपकिरी लेप लावला. घड्याळात बघितलं तर पाय अडकवल्यापासून वीस मिनिटं, त्यातली चार-पाच माझ्या थडथडीची. काढलेला तुकडा बघणार का म्हणून बाटली दाखवली. बोटाच्या पेराएवढा होता. ह्याच्यासाठी महिनाभर झोप गेली होती.

दुपारी दोनला घरी. रिक्षानं, कारण ह्यांच्या गाडीवर बसायला सासूबाईंनी मनाई केली. येताना बाहेर कटवडा खायची इच्छा झाली होती, तीही मोडून काढली. संध्याकाळी टीव्हीवर किरणं कुठपर्यंत आली ते बघत पडून राहिले, पोटात नुसतं जड. बिल झालं १५ हजार, डे केअर म्हणून दाखवलं होतं, कंपनीनं एकदा शंका काढली, मी व्याख्येचं पान लाल पेनानं खूण करून पाठवलं, किरकोळ कापून पैसे आले.

नंतरचे पंधरा दिवस खरे किचकट, आणि भूल कुठलीही घ्या ते सारखेच. पहिले काही दिवस कॉफीच्या गाळासारखं काळपट जातं, तो लेपाचा रंग असतो, मला माहीत होतं तरी पहिल्यांदा बघून दचकले. मग पाणी पाणी. बरोबर अकराव्या दिवशी पतसंस्थेत बसले असताना लाल भडक सुरू झालं. खपली सुटते तेव्हा असं होतं, बाईंनी सांगितलं होतं, तासाला एक पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच या. माझं दोन तासांत कमी झालं. महिनाभर जड उचलायचं नाही, आत काही वापरायचं नाही, संबंध नाही. सिलेंडर सरकवायला ह्यांना हाक मारली की सासूबाई म्हणायच्या किती दिवस हे. घरात सगळ्यांना लीप समजावून सांगून झालं होतं, पण सिलेंडरचं काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

तुकड्याचा रिपोर्ट आला, सीआयएन ३ च, कडा मोकळ्या, म्हणजे बिघडलेला भाग पूर्ण निघाला. सहा महिन्यांनी एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूनं हा बिघाड होतो त्याची तपासणी, तीही नीट आली, तरी पुढची काही वर्षं जात राहायचंय. धाकटी तेरा वर्षांची आहे, तिला त्या विषाणूची लस दिली, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, ह्या वयात दोनच डोस लागतात. तिनं विचारलं ह्याला पण भूल देतात का.

आणि जाऊबाई. तिला माझं बघून धीर आला की काय, इतकी वर्षं टाळलेली तपासणी करायला गेली, तर यंत्र आत जायच्या आधीच रडायला लागली. तिथं एक मस्सा दिसला होता, तो काढायचा होता. बाईंनी तिला तेच तीन रस्ते सांगितले. तिनं मला विचारलं, तू काय म्हणतीस? मी म्हणाले झोपवूनच घे. बाईंनीही तेच म्हटलं. तिची पर्स आणि मंगळसूत्र मांडीवर घेऊन मी बाहेर बसले होते, अर्ध्या तासात स्ट्रेचर आलं. पाच म्हणायच्या आत गेली म्हणे, मोजायला सांगितलं होतं. डोळे उघडल्यावर माझ्याकडं बघून पहिलं वाक्य, सुरू कधी करणार गं? मग तिला चहा पाहिजे होता आणि तो तासभर मिळणार नव्हता, त्यावरून सिस्टरशी तिचं भांडण.